थ्री नॉट थ्रीवाल्या मावशी

चँडलरला मी खोली बघायला गेले तेव्हा घराचं दार सताड उघडं होतं आणि आतून आवाज आला, "ये ये, बाथरूममध्ये आहे मी, इकडेच ये!" आता पहिल्या भेटीत अनोळखी बाईच्या बाथरूममध्ये कसं जायचं? पण अ‍ॅरिझोनातलं जूनचं ऊन पाठीवर घेऊन दारात उभं राहणं त्याहून अवघड होतं. गेले मुकाट्याने. आत बघते तर टबात एक भली थोरली रायफल, नळी खाली करून उभी केलेली. तिच्या मागच्या भोकात लाल प्लॅस्टिकचं नरसाळं खोचलेलं. आणि ट्रॅकपँट-कुडत्यातल्या एक ठेंगण्याशा बाई, केसांचा पांढरा अंबाडा, किटलीतलं उकळतं पाणी त्या नरसाळ्यात ओतत होत्या. नळीच्या टोकातून काळंकुट्ट पाणी टबात पडत होतं.

"काय घाबरून राहिली? रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "जुन्या काडतुसांत एक प्रकारचं मीठ असतं. ते नळीत राहिलं की गंज धरते. तेलानं नाही जात, उकळतं पाणीच लागते." मग किटली हलवून म्हणाल्या, "पाणी उरलं आहे. चहा घेशील ना?"

मी सांगलीची. आमच्याकडे बंदूक बघायची ती बँकेच्या दारातल्या रखवालदाराच्या खांद्यावर, आणि ती उडत असेल असं कुणाच्या बापालाही वाटत नाही. त्याच किटलीतल्या पाण्याचा चहा प्यायले, वर आणखी अर्धा कप मागितला. मैत्रिणींना मी नंतर सांगायचे की घाबरून खोली घेतली. ते खोटं. चहा फक्कड होता आणि बाई मला बघताक्षणी आवडल्या होत्या. मी चिप बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगला होते, दिवसभर पांढरा डगला घालून काचेआड असायचे. घरी आल्यावर कुणीतरी "काय करून राहिली गं?" असं विचारणारं मला हवंच होतं. आता सनीव्हेलला अपार्टमेंटमध्ये राहते. इथे शेजारी कोण आहे ते तीन वर्षांत मला कळलेलं नाही.

मावशी मूळच्या नागपूरच्या. काका, म्हणजे त्यांचे यजमान, चिपच्याच कारखान्यातले इंजिनियर. मी राहायला जायच्या बऱ्याच आधी वारले होते. काका फटाक्यांनाही घाबरायचे म्हणे. एकदा फिनिक्सला जुन्या हत्यारांच्या प्रदर्शनात दोघं उगाच, एसीची हवा खायला शिरली. तिथे एका टेबलावर मावशींना ही रायफल दिसली. थ्री नॉट थ्री. मोठ्या युद्धाच्या काळातली, आणि लोखंडावर शिक्का भारतातल्या कारखान्याचा. मावशी तिथेच उभ्या राहून रडायला लागल्या. कारण त्यांचे आजोबा फौजेत होते, अशीच रायफल खांद्याला लावून परमुलखात लढून आले होते, आणि परत आल्यावर त्यांच्याच गावाने त्यांना विहिरीवर पाणी भरू दिलं नव्हतं. "आजोबा म्हणायचे, रायफलीमागे पालथं झोपलं का सगळी माणसं एका उंचीची," मावशी सांगायच्या. मावशी स्वतः कॉलेजात छात्रसेनेत होत्या, अशीच रायफल त्यांनी चालवली होती, बक्षीसही मिळवलं होतं. काकांनी बायकोला भर बाजारात रडताना बघितलं आणि, बिचारे, घाबरत घाबरत ती विकत घेऊन दिली. आयुष्यभर ते या रायफलीला 'तुझी सवत' नाही, 'माझी सवत' म्हणायचे. मावशींना हा विनोद इतका आवडायचा की सांगता सांगताच त्या हसून लाल व्हायच्या.

पहिल्याच आठवड्यात मला बजावण्यात आलं. "तू व्हिसावर आहेस. तू हिला हात लावायचा नाही. कायद्याची भानगड आहे. बघायचं लांबून." त्यामुळे एवढी वर्षं मी मावशींची चटई उचलली, छत्री उचलली, पाण्याचे कॅन उचलले, पण रायफलीला बोटसुद्धा लावलं नाही. एकदा ती भिंतीला टेकवलेली घसरायला लागली तेव्हाही मी नुसतीच "मावशीऽऽ!" म्हणून किंचाळले.

पण माझ्या वस्तूंवर त्यांचा पूर्ण हक्क होता. दर उन्हाळ्यात कुठल्यातरी दुसऱ्या म्हाताऱ्या नेमबाजाने नवीन जुनी रायफल घेतलेली असायची. तिच्या लाकडात वर्षानुवर्षांचं फौजी ग्रीस मुरलेलं. ते काढायचं मावशींचं शास्त्र असं, की लाकूड काळ्या कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळायचं आणि बंद गाडीत उन्हात ठेवायचं. ग्रीस तुपासारखं वितळून बाहेर येतं. "माझी गाडी पांढरी आहे ना," त्या मला म्हणाल्या, "तुझी काळी आहे. तुझी चांगली तापते." दोन उन्हाळे माझ्या गाडीला लष्करी गोदामाचा वास होता. ऑफिसातल्या एकाने मला आडून आडून विचारलं, की तू गाडीत राहतेस का.

लाकडाला चोळायला जवसाचं तेल. ते मावशी नागपूरहून मागवायच्या, कारण इथल्या दुकानातलं "पेंटवाल्यांचं" असतं. ओट्यावर जवसाच्या दोन बाटल्या असायच्या, एक चटणीवर घ्यायची, एक रायफलीची. कुठली कुठली ते फक्त मावशींना माहीत. जेवताना मी तेलाची बाटली उचलली की त्या तोंडाकडे नेलेला घास थांबवून माझ्याकडे बघायच्या, आणि मी निमूटपणे तिळाचं तेल घ्यायचे.

हॉलच्या समोरच्या भिंतीवर टिकल्या. काळ्या, बारीक, आपण कपाळाला लावतो त्याच. गाद्यांवर पालथं पडून मावशी रोज संध्याकाळी रिकाम्या रायफलीने त्या टिकल्यांवर नेम धरायच्या. काडतुसं गॅरेजमधल्या कपाटात कुलूपबंद, त्याची किल्ली गळ्यात. नळीच्या टोकावर जुना एक रुपया ठेवायचा आणि चाप ओढायचा. रुपया पडला नाही पाहिजे. त्या भिंतीखाली गौतम बुद्धांची शांत मूर्ती, वर टिकल्याच टिकल्या. पाहुणे आले की त्यांची नजर आधी मूर्तीवर, मग टिकल्यांवर, मग मावशींच्या कोऱ्या कपाळावर जायची. विचारायची हिंमत कुणाला व्हायची नाही.

एकाला झाली. महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला एक गृहस्थ, जुने पदाधिकारी, हातात प्लेट घेऊन मावशींपाशी आले. "वहिनी, तुमच्या घरी बुद्धाची मूर्ती आहे म्हणे. आणि बंदूकही! मग अहिंसेचं काय?"

मावशींनी शांतपणे कांदा कापत म्हटलं, "भाऊ, मी आजवर कागदाशिवाय कशाला भोक पाडलं नाही. तुम्ही कोंबडीचा तिसरा तुकडा घेऊन राहिले." मावशींनी त्यांना लिंबू दिलं.

आता त्यांच्या बोलण्याचं सांगते. नेमबाज लोक टार्गेटला घड्याळ समजतात. वर बारा, उजवीकडे तीन, खाली सहा. मावशींचं सगळं जगच त्या घड्याळात बसवलेलं. वरणात मीठ कमी असलं की "सहा वाजता खाली." मी नवीन ड्रेस घातला की "जरा तीन वाजता गेला आहे, खांदा ओढ." आणि सगळ्यात मोठं म्हणजे 'कॉल'. गोळी सुटली की टार्गेटकडे बघायच्या आधी, निकाल कळायच्या आधी, ती कुठे लागली असेल ते आपल्या तोंडाने बोलायचं. चाप ओढताना हात हलला, श्वास चुकला, हे आपल्याला आतून कळलेलंच असतं. ते कबूल करायचं. मग टार्गेट बघायचं. "कॉल नाही केला तर नेम कधीच सुधरत नाही," त्या म्हणायच्या. "लागली तर मी हुशार, नाही लागली तर वारा. असं करणारे बहुत बघितले मी."

ऑफिसात प्रमोशनच्या मुलाखतीहून मी घरी आले तर दारातच, "कॉल?"

"चांगली झाली मावशी."

"चांगली हा कॉल नाही. किती वाजता?"

मी पर्स आपटली. चिडलेच होते. मग म्हटलं, "सात. खाली आणि डावीकडे. शेवटचा प्रश्न मला आलाच नाही, मी नुसती बडबडले." त्यांनी मान हलवली आणि गोळाभात वाढला. दोन आठवड्यांनी नकार आला तेव्हा मला रडू आलं नाही, कारण माझं रडून झालं होतं.

महिन्यातून एकदा आम्ही रेंजवर जायचो. वाळवंटात, गावापासून लांब. तिथे सगळे जुन्या फौजी रायफलींचे शौकीन. कुणाकडे रशियन, कुणाकडे जर्मन, शेजारच्या चटईवरच्या नळकाम करणाऱ्या म्हाताऱ्याकडे स्वीडनची. दुर्बीण लावायची नाही. रायफलीच्या मागे एक बारीक भोक, पुढे नळीच्या टोकावर लोखंडी टोक. भोकातून ते टोक बघायचं आणि टोकावर टार्गेट बसवायचं, बास. टार्गेट सहाशे यार्डांवर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे. माणसाच्या उंचीचा कागद तिथे पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो.

अर्धे लोक गोळ्या झाडणार, तेव्हा अर्धे तिकडे टार्गेटांखालच्या खंदकात. डोक्यावर मातीचा बांध. गोळी वरून टाळी वाजवल्यासारखी कडाडत जाते. मग टार्गेट खाली ओढायचं, भोक शोधायचं, भोकात पांढरी चकती खोचायची आणि परत वर करायचं, म्हणजे झाडणाऱ्याला तिकडून दिसतं. जुनं भोक स्टिकरने बुजवायचं. कागदावर भोकच नसेल तर लाल झेंडी. सगळ्यांना आळीपाळीने हे काम करावंच लागतं आणि सगळे ते टाळायला बघतात. मावशींना मात्र खंदकच जास्त आवडायचा. डब्यातून चिवडा न्यायच्या. डोक्यावरून गोळ्या जातायत आणि मिश्या वाढवलेले दांडगे अमेरिकन म्हातारे बाकावर रांगेत बसून चिवड्यातले खोबऱ्याचे काप वेचून खातायत, हे दृश्य मी डोळ्यांनी बघितलंय. एकाने मावशींना विचारलं, यात तिखट जरा वाढवता येईल का. मावशी घरी येईपर्यंत हवेत होत्या.

माझं काम त्या झाडत असताना मागे बसून मोठ्या दुर्बिणीतून मृगजळ बघायचं. तापलेल्या जमिनीवरची हवा ज्या बाजूला वाहताना दिसते तिकडे वारा. "डावीकडून उजवीकडे, हळू," मी सांगायचे. त्या त्याप्रमाणे रायफल हलवायच्या. माझा शब्द त्या इतक्या मानायच्या की मला भीती वाटायची.

तर अशा बाईंचा उजवा डोळा गेला.

गेला म्हणजे पूर्ण नाही. मध्यभागी एक धुरकट डाग आला. कडेचं अंधुक दिसायचं, समोर बघायला गेलं की तेवढंच पुसलेलं. नेम धरला की रायफलीचं टोकच नेमकं दिसेनासं व्हायचं. मला हे कळलं ते दिवाळीत, त्यांचा मुलगा नेपरव्हिलहून, म्हणजे शिकागोजवळून, आला तेव्हा. दादा स्वभावाने गरीब, आईवर जीव टाकणारा. त्याला गॅरेजमध्ये गाडीची उजवी बाजू पुढून मागपर्यंत घासलेली दिसली. मग फ्रिजवरच्या डब्याखाली दडवलेली डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी दिसली. फराळाच्या ताटावर जे व्हायचं ते झालं.

"आई, कधीपासून?"

"थोडंसंच आहे."

"गाडी कधी घासली?"

"अरे, ती भिंतच पुढे आली आहे."

"आई!" तो ओरडला. मी करंजी हातात धरून बसले. "मी तिकडे रात्रंदिवस फोन कानाला लावून असतो. विचारतो कशी आहेस, तू म्हणतेस मजेत. उद्या तू पडलीस तरी मजेतच म्हणशील. मला डोळ्याची भीती नाही वाटत गं, मला तुझ्या 'मजेत'ची भीती वाटते. बास झालं. घर विक आणि आमच्याकडे चल."

मावशी उठल्या आणि ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुझ्या घरी मी आजी आहे. सासू आहे. ते काही वाईट नाही. पण इथे मी सहा नंबरच्या चटईवरची बाई आहे रे." आणि वळून एकदम, "मार्चच्या मॅचला ये. सहाशे यार्ड, दहा गोळ्या. डाव्या डोळ्याने मारते. दहाच्या दहा कागदावर लागल्या तर हे घर राहील आणि मी इथेच. एक जरी बाहेर गेली तर घर विकायला काढ. मी गुमान येते आणि तुझ्या अंगणातलं बर्फ उपसते."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तो म्हणाला, "ठीक आहे."

तो गेल्यावर मी मावशींना फाडफाड बोलले. घर काय पणाला लावायची चीज आहे? डाव्या खांद्यावरून त्यांनी जन्मात कधी रायफल लावली नव्हती. आणि ती रायफल उजव्या माणसांसाठीच केलेली. काडतूस भरायचा बोल्टचा दांडा उजव्या अंगाला. डाव्या खांद्याला लावली की दर गोळीनंतर हात वरून आडवा नेऊन तो ओढावा लागतो. "तुम्ही सत्तरीच्या आहात मावशी!"

"म्हणूनच तर घाई आहे," त्या म्हणाल्या.

तो हिवाळा मी विसरणार नाही. गाद्या हॉलच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. टिकल्या दुसऱ्या भिंतीवर गेल्या. रुपया पडायचा. पुन्हा पडायचा. टाइल्सवर तो खणखण आवाज मला माझ्या खोलीत ऐकू यायचा. डावं बोट चाप ओढायचं नाही, झटकायचं. मावशी चिडायच्या, रायफलीवर नाही, डाव्या हातावर. "मूर्ख आहे हा हात. सत्तर वर्षं नुसता भांडी धरायला ठेवला ना, आता कामाला लावला तर रुसते." मग त्यांनी त्याला शिकवायला घेतलं. डाव्या हाताने भाजी चिरायची, डाव्या हाताने दात घासायचे, डाव्या हाताने फोडणी. एकदा मोहरी गॅसभर उडाली. जानेवारीत रेंजवर पहिल्यांदा डाव्या खांद्यावरून मारल्या तेव्हा निम्म्या गोळ्या कागदाला लागल्याच नाहीत. मला वाटलं, झालं, गेलं घर. माझी खोली गेली म्हणून नाही, देवाशपथ नाही. ही बाई नेपरव्हिलच्या खिडकीत बसून बर्फ बघतेय हे माझ्या डोळ्यांसमोर येईना.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी खणखण आवाजच आला नाही. मी बाहेर येऊन बघितलं. मावशी पालथ्या, चापावर डावं बोट, आणि रुपया नळीवर बसलेला. त्या चाप ओढत होत्या, खटका वाजत होता, बोल्ट अलगद मागे घेत होत्या, रुपया हलत नव्हता. मी टाळ्या वाजवल्या तर म्हणाल्या, "ओरडू नको बापा, पडेल!"

मार्चच्या मॅचला दादा शिकागोहून पहाटेचं विमान पकडून आला. सगळ्या नेमबाजांना कसं कोण जाणे कळलं होतं. आज बाईंचं घर पणाला आहे. मावशींची चटई सहा नंबर, त्यांचं टार्गेट सहा. शेजारी सात नंबरवर तो स्वीडिश रायफलवाला प्लंबर. दादा मागे उन्हात उभा, सनस्क्रीन लावलेला, कानांवर मोठे मफ. मी दुर्बिणीमागे.

पहिली गोळी. "कॉल, चार वाजता," मावशी पुटपुटल्या. टार्गेट खाली गेलं, वर आलं. पांढरी चकती चारच्या जागी. दुसरी, तिसरी. वारा बेताचा होता. मी सांगत होते, त्या ऐकत होत्या. डावा हात बोल्टवरून असा जात होता, जणू जन्मापासून तेच करत होता. पाचवी मधोमध गेली तेव्हा मागे कुणीतरी शीळ घातली. सातवी झाली.

आठव्या गोळीला त्यांचं कोपर चटईवर सरकलं. मला दिसलं. त्याच क्षणी गोळी सुटली. शेजारच्या प्लंबरचीही नेमकी तेव्हाच सुटली, दोन बार एकावर एक. मावशींनी डोळे मिटले आणि म्हटलं, "बाहेर. नऊ वाजता. कागदाच्या बाहेर."

मराठीत म्हणाल्या. दादाच्या कानांवर मफ, त्यामुळे ऐकलं फक्त मी.

सहा नंबरचं टार्गेट खाली गेलं. वर आलं. चकती काळ्या वर्तुळाच्या आत, जवळजवळ मध्यावर. मागे टाळ्या. दादाही टाळ्या वाजवत होता, "येस आई!" म्हणत. शेजारच्या सात नंबरला मात्र लाल झेंडी. म्हातारा प्लंबर टोपी काढून डोकं खाजवत होता.

मला सगळं कळलं. त्या खेळात ही चूक होतेच. टार्गेटं एका रांगेत, सगळी सारखी, नंबर बारीक. म्हाताऱ्याने चुकून आपली गोळी शेजारच्या टार्गेटवर, मावशींच्या कागदावर मारली होती.

"मावशी, लागली," मी कुजबुजले.

"माझी नाही ती."

"अहो गप्प बसा ना! कुणाला कळणार आहे? दोन राहिल्यात फक्त." मी अक्षरशः हात जोडले. मला ते घर हवं होतं, त्यांच्यासाठी, माझ्यासाठी, त्या किटलीसाठीसुद्धा.

मावशींनी बोल्ट उघडा ठेवला, रायफल खाली ठेवली आणि हात वर केला. रेंजचा प्रमुख धावत आला. त्याला इंग्रजीत सांगितलं, सहा नंबरवरचं भोक माझं नाही, माझी गोळी डावीकडे बाहेर गेली, मी कॉल केला होता. त्याने खंदकात फोन लावला. तिकडून उत्तर आलं, नवीन भोक एकच आहे आणि बारीक आहे. थ्री नॉट थ्रीचं भोक मोठं असतं. प्लंबर लालभडक झाला. "बाई, अहो ठेवून घ्या ती," तो म्हणाला, "मला काय करायचंय? माझी तर चुकलीच आहे."

"थँक यू. नाही," मावशी म्हणाल्या. आणि पुन्हा पालथ्या पडून त्यांनी उरलेल्या दोन गोळ्या मारल्या. दोन्ही कागदावर, दोन्ही कॉल केल्या तिथेच. मी दुर्बिणीतून बघत होते, पण खरं सांगायचं तर मला धड काही दिसत नव्हतं.

दहातल्या नऊ.

पार्किंगमध्ये मावशी रायफल पेटीत ठेवत होत्या. दादा बाजूला उभा. मावशीच म्हणाल्या, "घर विकायला काढ. उन्हाळ्याच्या आत गिऱ्हाईक मिळून जाईल."

"नाही काढणार," दादा म्हणाला.

"काहून? शब्द दिला ना मी."

"आई, मला त्या गोळ्यांचं काही पडलेलं नाही गं. तुझं काही चुकलं, काही दुखलं, तर तू मला सांगशील का, एवढंच मला कळायला हवं होतं. आज कुणी विचारलं नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते. मीसुद्धा. आणि तू हात वर केलास." त्याने नाक पुसलं. "तू इथेच राहा. फक्त मलाही असंच सांगत जा."

मावशींनी पेटीला कुलूप लावलं. मग त्यांनी ट्रॅकपँटच्या खिशातून गाडीची किल्ली काढली आणि दादाच्या हातावर ठेवली.

"संध्याकाळी उजवीकडून येणारी गाडी मला दिसत नाही," त्या म्हणाल्या. "जवळ आल्यावर दिसते. घाबरून जाते मी. आता नाही चालवणार. सात नंबरवाला माझ्याच रस्त्याला राहते, तो आणेल मला इकडे. त्यानं माझ्या कागदावर मारली आहे, त्याला नाही म्हणता येत नाही."

दादा रडता रडता हसला. "अजून?"

"दिवाळीच्या आधी बाथरूममध्ये पडले होते. या पोरीलाही नाही सांगितलं."

"मावशी!" मी ओरडले. त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"अजून?"

"अजून म्हणजे..." त्यांनी विचार केला. "तू फोन ठेवला का घर फार मोठं वाटते. रोज नाही. कधी कधी."

दादाने आईला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावून दिला, आणि स्वतः चालवायला बसला. मी मागे, चटया आणि पाण्याच्या कॅनमध्ये. गाडी वाळवंटातल्या सरळ रस्त्याला लागली. मावशी एकेक सांगत होत्या. रक्तदाबाची गोळी चुकते ते. काकांचे कपडे अजून कपाटात आहेत ते. जिना उतरताना कठडा धरावा लागतो ते. दादा समोर बघत, मधे मधे नुसतं "हं" म्हणत चालवत होता. चँडलरचं वळण आलं आणि मागे गेलं.

"अरे," मावशी म्हणाल्या, "वळण गेलं ना."

"जाऊ दे," दादा म्हणाला. "तू बोल."